फीडच्या बाहेरची माणसं

"दिवाणखान्यात कोणी संडासाच्या गोष्टी करतं का? तुमच्यात करत असतील."

संपादक सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. मोठ्याने. उल्हासनगरात एका कापडाच्या दुकानाच्या वर आमच्या न्यूज वेबसाइटचं ऑफिस होतं. एकच खोली. सगळ्यांना ऐकू गेलं. सगळे हसले. कोणी तोंडावर, कोणी मान खाली घालून. माझे कान तापले.

मी विचारलं काय होतं? एवढंच, की बाळूदादाची बातमी फीडमध्ये का नाही.

बाळूदादा अंबरनाथला आमच्याच गल्लीत राहायचा. बदलापूरच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये त्याला मैल्याच्या टाकीत उतरवला. दोरी नाही, मास्क नाही. वर आला तो मेलेलाच. बिल्डर म्हणाला, तो स्वतःहून उतरला. त्याची बायको, संगीतावहिनी, माझा हात धरून विचारत होती, "कोण स्वतःहून उतरतं गं त्यात?"

बातमी मी लिहिली. साइटवर लागली, पार खाली. "बदलापुरात एकाचा अपघाती मृत्यू." मथळा सरांनी बदललेला.

तेव्हा फीडचं नवं वेड होतं. साइटवर काही नवं आलं की मथळा आपोआप वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन पडायचा. मुंबईतले पत्रकार, बाहेरगावी नोकरीला गेलेले इथले लोक, कोणी साइट उघडतच नसे. मथळे वाचायचे, त्यावरून इथे काय चाललंय ते समजायचे. पण सगळ्या बातम्या फीडमध्ये जात नव्हत्या. बातमीखाली एक चौकोन असायचा. त्यात टिक केली तरच जायची. कुठे टिक करायची ते सर सांगायचे. करायचे मी. महिनोन् महिने केली. कधी मनात काही आलं नाही.

डोळे उघडले ते नागपूरच्या मामेभावामुळे. तो ऑफिसात बसून आमची फीड वाचायचा. एकदा फोनवर म्हणाला, "ताई, तुमच्या अंबरनाथला आपले लोक राहत नाहीत का गं?"

मी चिडले. म्हटलं, "अरे, चौदा एप्रिलच्या जयंतीची एवढी मोठी बातमी मीच लिहिली."

"मला तर काहीच नाही आलं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एका बाजूला साइट उघडली, दुसऱ्या बाजूला फीड. डबा तसाच राहिला. साइटवर जयंतीची मिरवणूक होती. फीडमध्ये नव्हती. नवरात्रीची होती. बारवी धरणाजवळच्या पाड्यावरच्या बाया डोक्यावरून पाणी आणतात, ते साइटवर होतं. फीडमध्ये त्याच धरणाच्या काठी सहलीला कुठे बसावं, ते होतं. वांगणीची फार्महाऊसं होती. त्यांच्यासाठी जमीन गेलेली माणसं नव्हती. आणि मीटिंगमध्ये सर छाती काढून सांगायचे, "आम्ही सगळ्यांच्या बातम्या देतो. साइट उघडून बघा." खोटं नव्हतं ते. साइटवर आम्ही होतो. कोणी येत नव्हतं तिथे आम्हाला ठेवलं होतं. गावकुसाबाहेर.

आणि टिक मी करत होते.

म्हणून बाळूदादाच्या वेळी मी विचारलं. त्यावर ते दिवाणखान्याचं ऐकून घेतलं. जागेवर येऊन बसले. शेजारी कोमल बसायची, सिंधी, डिझाइन करायची. हळूच म्हणाली, "छोड ना यार. सर ऐसेही बोलतात."

तेवढ्यात संगीतावहिनीचा फोन आला. पोलीस "पाय घसरून पडला" असं लिहून मोकळे होत होते. मुंबईच्या कामगार संघटनेतल्या एक बाई तिकडच्या पत्रकारांना बोलवत होत्या. पत्रकार त्यांना विचारत होते, असं काही झालंय तर तिथल्या साइटच्या फीडवर कसं नाही? वहिनी म्हणाली, "तू तर लिहिलं म्हणालीस ना गं?"

काय सांगणार होते मी तिला? चौकोन?

मी बातमी उघडली. मथळा पुसला. लिहिलं, "मैल्याच्या टाकीत उतरवलेल्या कामगाराचा बदलापुरात मृत्यू." टिक केली. पाठवली.

मग हात थांबला नाही. पाड्यावरचं पाणी. टिक. वांगणीची जमीन. टिक. जयंती. टिक.

कोमल बघत होती.

थोड्या वेळाने सरांचा मोबाइल वाजला. बिल्डर होता. आमच्या साइटवर त्याची जाहिरात असायची. सर खुर्चीतून ताडकन उठले.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढते. पण ज्यांच्याकडे पोचलंय तिथून परत येत नाही, सर."

"तुला नोकरी कोणी दिली, विसरलीस?"

"तुम्ही दिली. टिक मी केली. त्यांना माझं नाव सांगा."

या वेळी कोणी हसलं नाही. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

मुंबईहून पत्रकार आले. बाळूदादाला त्या कामावर नेणाऱ्या ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. बिल्डरवर नाही. वहिनी आता त्याच कॉम्प्लेक्समध्ये धुणीभांडी करते. मला बाकी ठिकाणी काम मिळेना. सरांनी सगळीकडे फोन केले होते.

मग अंबरनाथच्या सायबर कॅफेत बसून मी स्वतःचा ब्लॉग काढला. त्याची फीड चालू केली. पहिली बातमी बाळूदादाची. त्यात बिल्डरचं नाव, पूर्ण. कॉम्प्लेक्सचं नाव, पूर्ण.

गेल्या आठवड्यात त्याचा माणूस घरी आला. सोन्याची चेन, गोड बोलणं. आई आतून हातवारे करत होती, गप्प बस म्हणून. तो म्हणाला, "ताई, एक नाव तर काढायचंय. तुम्हाला पण इथेच राहायचंय ना?"

"इथेच राहायचंय," मी म्हटलं. "बसा, चहा घ्या. नाव निघणार नाही."