मुख्य पासवर्ड मी दिला नाही

नव्वदीच्या दशकात जळगावच्या एका दवाखान्यात मी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहीत होते. मालक डॉक्टर म्हणाले, "ताई, डेटाबेसचा मुख्य पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहा. दवाखान्यातल्या सगळ्या खिडक्यांवरच्या कॉम्प्युटरना तोच चालेल."

"नाही, डॉक्टर. मग केसपेपर काढणाराही कुणाचाही रिपोर्ट बदलू शकेल."

"सगळी आपलीच माणसं आहेत!"

"यावलहून येणारी एखादी बाई तुमच्या भरवशावर आजार सांगते. प्रत्येक खिडकीला वेगळा पासवर्ड, कामापुरतेच अधिकार. पटत नसेल तर दुसरं कुणी बघा."

मी पिशवी उचलली. ते चिडून म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं!"

महिन्याभरात त्यांच्याच मेहुण्याने केसपेपरच्या खिडकीवरून शेजाऱ्याचा रिपोर्ट उघडायचा प्रयत्न केला. उघडला नाही. तो तणतणत आला. मी म्हटलं, "उघडणारही नाही."