अप्पांनी उघडी ठेवलेली खिडकी

माळव्यातल्या संध्याकाळच्या वाऱ्याचा स्पर्श काही निराळाच. दिवसभर तापलेल्या गच्च्यांवरून तो येतो, आणि तरी अंगाला लागतो तो गारच. त्याचं कौतुक कोण करत नाही? आमच्या इंदूरच्या घरात मात्र माझ्या सबंध बालपणी त्याला मज्जाव होता. वारा सुटला रे सुटला, की अप्पा, म्हणजे माझे वडील, उठून खिडक्या लावून घेत.

अप्पा कापडगिरणीत विणकर होते. मागाच्या खात्यात हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं. म्हणून तिथल्या खिडक्या कायमच्या बंद, वरून पाण्याचे फवारे, आणि त्या दमट कोंदटपणात तरंगणारी कापसाची बारीक धूळ. उघडी खिडकी म्हणजे तुटका धागा आणि तुटका धागा म्हणजे मुकादमाची शिवी, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. घरात ना माग ना सूत, पण हात कडीकडे जायचाच. ती धूळ छातीत घर करून बसली होती. आई स्वयंपाक करता करता त्यांच्या खोकल्याकडे कान देई, आणि हा माणूस आपल्याला किती दिवस पुरणार, या धास्तीनं तिचा हात थांबे. माणूस काम करतो हे सगळेच पाहतात; काम माणसाचं काय करतं, हे कोण पाहतं?

मग खुल्या बाजारातल्या स्वस्त कापडापुढे गिरण्या बंद पडल्या. गल्लीवर सुतककळा पसरली, शेजारी समाचाराला येऊ लागले. आई शिलाई मशीन चालवत मान खाली घालून सगळं ऐके. पण हळूहळू अप्पांचा खोकला उतरू लागला, तशी तिच्या चेहऱ्यावरची सुटका मी पाहिली. अशा दिवसांत बरं वाटावं याची तिला लाजही वाटत होती.

पुढे महूच्या रस्त्यावर तयार कपड्यांच्या कारखान्यात अप्पांना कापड तपासायचं काम मिळालं. माल युरोपात जाई, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाची अट होती की कामगाराला उजेड, मोकळी हवा आणि बसायला खुर्ची हवीच. ज्या खुल्या बाजारानं गिरणी नेली, त्यानंच दूरदेशीच्या कामगारांनी भांडून मिळवलेलं हे सुख आमच्या दारी आणावं, याला काय म्हणावं?

पहिल्याच दिवशी अप्पांनी तिथल्या साऱ्या खिडक्या धडाधड बंद केल्या. शिलाईवरच्या बायका ओरडल्या, सुपरवायझर धावत आला.

"अरे अप्पाजी, ये क्या कर रहे हो? इथे धागा नाही तुटत. खोलून टाका सगळ्या, और आराम से बैठो."

खिडक्या त्यांनी उघडल्या. खुर्चीवर टेकायला मात्र दुपार झाली. आयुष्यभर उभ्यानं काम केलेल्या माणसाला बसून पगार घेणं चोरीसारखं वाटत होतं. घरी हे सांगताना ते पोटभर हसले, आणि हसताना खोकला आला नाही. आईनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

इतक्यात वारा सुटला. अप्पा सवयीनं उठले, कडीला हात लावला आणि थांबले. मग खिडकीची दोन्ही दारं त्यांनी सताड उघडली, खुर्ची तिथे ओढली आणि निवांत बसले.

"बरं वाटतं गं," ते आईला म्हणाले. "इतकी वर्षं बिचारा बाहेरच उभा होता."