एकोणचाळीस दिवस डाव्या कुशीवर

संजना पगारेच्या पोटात पहिल्यांदा ओढ आली तेव्हा तिच्या हातात बॉयलरच्या पाण्याची बाटली होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं कंत्राटी केमिस्ट होती. सकाळचे साडेनऊ झाले होते. आतून कुणी मूठ आवळावी तसं पोट कडक झालं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि सुटलं. तिनं घड्याळ बघितलं आणि काम चालू ठेवलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला तिला कळून चुकलं, कारण ही ओढ ओळखीची होती. तीन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात ती अशीच आली होती. तेव्हा गॅसेस असतील म्हणून संजना दिवसभर सोसत राहिली होती. ते बाळ राहिलं नाही.

या वेळी अठ्ठावीस आठवडे कालच भरले होते. तरीही तिनं हातातला नमुना पुरता तपासला, वहीत आकडा लिहिला आणि मगच शेजारच्या टेबलावरच्या वेणीमाधव सरांना सांगितलं. त्यात गेलेली सात मिनिटं तिनं स्वतःला पुढे कितीतरी दिवस माफ केली नाहीत. सर निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी सरळ गाडीची किल्ली उचलली. रस्त्यात गतिरोधक आला की ते गाडी जवळजवळ थांबवत आणि दर वेळी "सॉरी हं" म्हणत.

हॉस्पिटलात डॉक्टर मृण्मयींनी सोनोग्राफी केली. त्या पस्तिशीच्या, बारीक आवाजाच्या होत्या आणि बोलताना पेशंटच्या डोळ्यांत बघत.

"पिशवीचं तोंड आखूड झालंय, संजना. कळा थांबवायच्या गोळ्या सुरू करतोय. बाळाच्या फुप्फुसांसाठी आज एक इंजेक्शन, उद्या एक. आणि घरी जायचं नाही."

"किती दिवस?"

"मिळतील तितके. मला चौतीस आठवडे मिळाले तर मी खूश."

संजनानं मनातल्या मनात हिशेब केला. सहा आठवडे. सोमवार ते शनिवार भरधाव जगणाऱ्या बाईला सहा आठवडे म्हणजे काय ते त्या क्षणी कळलंच नाही. तिला वाटलं, पडून तर राहायचंय.

दुपारपर्यंत सासू आली. चांगुणाबाई. पासष्टीची, काटक, निफाडकडच्या द्राक्षबागांत उभा जन्म गेलेली. मुलाच्या लग्नानंतर ती नाशिकरोडला यांच्याकडे राहायला आली होती. संजना तिला आत्याबाई म्हणे. दोघींचं पटत नव्हतं असं नाही, पण एका घरात राहून दोघींनी एकमेकींपासून थोडं अंतर ठेवलं होतं, आणि ते दोघींनाही सोयीचं होतं. आता सहा खाटांच्या त्या वॉर्डात पेशंटजवळ एकाच बाईला राहू देत. आत्याबाईनं खाटेखाली चटई सरकवली, कपड्यांची पिशवी उशाला लावली आणि विचारलं, "संडासला उठू देत्यात का नाय?"

"नाही म्हणाल्या. आठवडाभर तरी."

"बरं," असं म्हणून ती सिस्टरकडे भांडं मागायला गेली.

पहिला आठवडा त्या भांड्यातच गेला, असं संजना नंतर सांगायची. कळांची भीती होतीच, पण सासूनं आपलं भांडं उचलून न्यायचं, याची लाज भीतीपेक्षा जड होती. ती पाणी कमी प्यायला लागली. डॉक्टर रागावल्या, पाणी कमी पडलं तर कळा वाढतात म्हणाल्या. तेव्हा आत्याबाईनं पडदा ओढला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "मी सासऱ्याचं तीन वर्स केलंय. तुझं काय जड हाय मला? पी पानी."

डाव्या कुशीवर झोपायचं. उजवीकडे वळलं तर थोडाच वेळ. गोळी घेतली की चेहरा तापायचा आणि डोकं ठणकायचं. सकाळ-संध्याकाळ सिस्टर पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकायच्या; ती टपटप चालू असेपर्यंत संजनाचा श्वास नीट चाले. जेवणानंतर तासभर बाळाच्या हालचाली मोजायच्या. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत तिचा डावा खांदा बधिर झाला, कंबर धरली, पोट साफ होईना. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची, तेवढंच. पुस्तक हातात धरलं की हात दुखे, मोबाइल बघितला की डोळे. झोप दिवसभर डोळ्यांवर असे आणि लागत मात्र नसे.

भेटायला येणारे यायचे चार ते सहामध्ये. "जयभीम" म्हणून स्टुलावर बसायचे, सफरचंदं काढून ठेवायचे आणि मग प्रत्येकाकडे सातव्या महिन्यात जन्मलेलं एक मूल निघायचं. कुणाचा भाचा, कुणाच्या जाऊबाईची मुलगी. एक आता इंजिनीअर, एक पोलिसात, एक पुण्यात कुस्ती खेळतो. "काही काळजी करू नको, आमचा तर कापसात गुंडाळून ठेवला होता." संजना हसून मान हलवायची. ते गेले की तिला रडू यायचं, आणि रडलं की पोट कडक व्हायचं, म्हणून ती रडायचीही नाही.

एकदा तिनं आत्याबाईला विचारलं, "तुमचं कुणी होतं का हो असं? सातव्या महिन्याचं?"

आत्याबाई त्या वेळी तिचे केस धूत होती. अकरा दिवस पाणी न लागलेले केस. खाटेच्या डोक्याकडे प्लॅस्टिक अंथरलेलं, खाली बादली, आणि मगानं थोडं थोडं कोमट पाणी. द्राक्षांचे घड औषधात बुडवून काढणारे ते हात. बोटांना घाई अशी ठाऊकच नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "माझे तिन्ही भरल्या दिवसांचे. मला काय झालंच नाय बाई. तुला सांगायला माझ्याकडं काय नाय."

कुणाकडे तरी गोष्ट नव्हती. संजनाला इतकं हलकं वाटलं की ती डोळे मिटून पाणी अंगावर घेत राहिली. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई चार वाजता वॉर्डाच्या दाराशीच स्टूल टाकून बसू लागली. "झोपलीय ती," असं सांगून सफरचंदं तिथंच उतरवून घ्यायची.

मुलाला, धम्मपालला, मात्र ती अडवत नसे. तो अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर होता. पहिली पाळी संपवून तो तसाच यायचा, डबा द्यायचा, बायकोचे पाय चेपायला घ्यायचा आणि चेपता चेपता बसल्या जागी पेंगायचा. एकदा तिची चिडचिड ऐकून तो सहज म्हणाला, "अगं, तुला फक्त पडून तर राहायचंय."

"फक्त?" संजना म्हणाली. तिचा आवाज चढला तशी शेजारची बाईही वळून बघायला लागली. "तू राहा. एक दिवस राहा पडून. लघवीला विचारून जा. पोटात जरा हललं की मेला की जिवंत, हे मोजत बस. मग सांग मला फक्त."

धम्मपालनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "मागच्या खेपेला मी म्हणालो होतो गॅसेस असतील. तू नव्हतीस म्हणाली. मी म्हणालो होतो."

तीन वर्षं दोघांनी हे उच्चारलं नव्हतं. संजनाला ते आठवतही नव्हतं. तिच्या लेखी चूक तिची एकटीची होती. तिनं पाय पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवला आणि तो चेपत राहिला.

शेजारच्या खाटेवर संजनाच्या चौथ्या दिवशी सुमेधा गायधनी आली होती. इंदिरानगरची, बँकेत नोकरी, सव्विसावा आठवडा. दोघींचे पडदे दिवसभर बाजूला सारलेले असत. एकीची डावी कूस दुसरीच्या तोंडासमोर यायची, त्यामुळे बोलणं आपोआप झालं. ऑफिसातल्या गप्पा, सासरच्या गप्पा, कुठली गोळी कुणाला किती तापवते. सुमेधा हसरी होती. "आपण दोघी अंड्यांवर बसलोय," असं म्हणून ती सिस्टरलाही हसवायची.

संजनाच्या अकराव्या दिवशी, केस धुतले त्याच दुपारी, सुमेधाला कळा सुरू झाल्या आणि या वेळी त्या थांबल्या नाहीत. मुलगा झाला. नऊशे ग्रॅम. त्याला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं.

तीन दिवसांनी सुमेधा चालू लागली तशी ती रोज दुपारी खाली यायची आणि संजनाजवळ बसून सांगायची. आज नळी आहे. आज वजन पन्नास ग्रॅम उतरलं. आज डोळ्यांवरची पट्टी काढली तेव्हा त्यानं बघितलं. संजना ऐकायची आणि तिचा हात पोटावर घट्ट दाबला जायचा. त्या बोलण्यातलं प्रत्येक वाक्य आपल्या पोटातल्या बाळाकडे चालून येतंय असं तिला वाटे. एका दुपारी जिन्याकडून सुमेधाची सपाता ओढत येणारी पावलं ऐकू आली आणि संजनानं डोळे मिटून घेतले. सुमेधा आली, थोडी थांबली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

आत्याबाईनं बघितलं होतं. तिसऱ्या दुपारी तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मी जरा वर जाऊन यीते." दीड तासानं परत आली.

"कुठे गेला होतात?"

"त्या गायधनीच्या सुनंपाशी बसले. एकटीच असती काचेबाहीर. नवरा कामावर, सासू गुडघ्यानं अधू." ती चटईवर टेकली आणि पाय दाबत म्हणाली, "ती बोलत नव्हती. मी बी नाय बोलले. बसले नुसती."

संजनाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आत्याबाईकडून निरोप पाठवला. सुमेधा आली, स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मी जागी होते," संजना म्हणाली. "तिन्ही दिवस."

"माहीत होतं मला. झोपलेल्या माणसाच्या पापण्या हलत नाहीत."

"मला ऐकवत नव्हतं गं."

"मलाही सांगवत नव्हतं," सुमेधा म्हणाली. "पण दुसरं बोलायला काही सुचतच नाही. तुझ्या जागी मी असते तर मी पडदाच ओढून घेतला असता." मग ती खाटेच्या कडेला डोकं टेकवून तशीच झोपून गेली. संजना तासभर हलली नाही.

एकतिसाव्या आठवड्यात, भर दुपारी, संजनाच्या कळा परत सुरू झाल्या. तिला प्रसूतिगृहात हलवलं. बाळाच्या मेंदूसाठी म्हणून सलाइनमधून औषध दिलं, त्यानं अंगाची नुसती आग झाली. जीभ जड पडली, डोळ्यांसमोरचं दोन-दोन दिसू लागलं. बाहेर आत्याबाई "बुद्धं सरणं गच्छामि" पुटपुटत भिंतीला टेकून उभी होती. पाच तासांनी कळा मंदावल्या. मग थांबल्या.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा त्याच खाटेवर आणलं. तीच खिडकी, तीच टाकी. सगळे म्हणाले, वाचलं बाई. संजना उताणी पडून छताकडे बघत होती. डॉक्टर मृण्मयी तपासायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, काढून टाका आता. माझ्यानं होत नाही."

म्हणून झाल्यावर ती स्वतःच दचकली. डॉक्टरांनी स्टूल ओढलं.

"हे तुम्ही आज बोललात. बाकीच्या तिसऱ्या दिवशीच बोलतात."

"मी वाईट आहे का हो?"

"तुम्ही दमलाय," डॉक्टर म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "आजपासून रोज दहा मिनिटं खिडकीजवळ खुर्चीवर बसा. आणि आंघोळ बाथरूममध्ये करा, स्टुलावर बसून. त्यानं काही बिघडत नाही."

त्या दहा मिनिटांवर पुढचे दिवस निघाले. खुर्चीवरून खालचा रस्ता दिसायचा: रिक्षा, शहाळेवाला, शाळेची बस. संजना रोज बसायची, आणि रोज परत उठून खाटेवर जाताना तिचे पाय कापायचे. बत्तिसावा आठवडा. तेहेतिसावा. आत्याबाईचा आवाज बसला, खोकला लागला, तरी ती घरी जाईना. धम्मपालची मोठी बहीण दोन दिवस राहायला आली, तेव्हा कुठे ती घरी गेली आणि दोन दिवसांनी पुन्हा चटईवर हजर झाली.

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाला लावताना संजनाला खाली ओलं लागलं. पाणी गेलं होतं. तेहेतीस आठवडे आणि चार दिवस. "आता थांबवायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या, "होऊ दे." दुपारी दोनच्या सुमारास मुलगी झाली. एक किलो आठशे साठ. तिनं रडायला जरा वेळ लावला. मग एक बारीक, चिडका आवाज आला आणि सगळी खोली पुन्हा चालू झाली.

मुलगी अकरा दिवस वरच्या मजल्यावर होती. काचेबाहेरच्या बाकावर आता सुमेधा आणि संजना शेजारी शेजारी बसत. सुमेधाचा मुलगा सव्वा किलोवर आला होता. त्याला अजून महिनाभर तरी सोडणार नव्हते. सुटी मिळाली त्या दिवशी संजनाला त्या बाकावरून उठताना अपराधी वाटलं. सुमेधानंच तिला ढकललं. "जा. आणि झोप नीट."

पण झोप लगेच आली नाही. घरी पहिल्या दुपारी, मुलीला उघड्या छातीशी धरून, वरून साडीचा पदर गुंडाळून ती भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी दिवसातून जितके तास जमेल तितकं असंच धरायला सांगितलं होतं. अंग आंबलं होतं, टाके ओढत होते. धम्मपाल भात टाकून आला आणि म्हणाला, "तू झोप, मी घेतो."

"नको, थोड्या वेळानं."

आतल्या खोलीत आत्याबाई जमिनीवर आडवी पडली होती. पिशवी अजून हातातच, चप्पल एकच काढलेली. ती सकाळपासून झोपली होती. मधे एकदा धम्मपालनं तिला जेवायला हाक मारली, तर तिनं डोळेही न उघडता विचारलं, "पोरगी प्याली का?"

"प्याली."

"मंग मला उठवू नका," ती म्हणाली आणि कूस बदलली.

तिला कुणी उठवलं नाही. संजनानं मुलीचं डोकं हनुवटीखाली नीट घेतलं आणि धम्मपालला म्हणाली, "त्यांची ती दुसरी चप्पल तेवढी काढ."