हातसडीच्या अध्यक्षबाई

तांदूळ ओंजळीत घेऊन अंगठ्यानं नुसता सारखा केला, की तो कुणी कांडला हे कुंताबाई ढिवरीण सांगायची. आमच्या गावात ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

मी १९५३ साली आरमोरीजवळच्या या गावात मास्तर म्हणून आलो, तेव्हा ती चाळिशीची असेल. नवरा पोचू तळ्यात जाळं टाकायचा आणि ती घरोघरी धान कांडायची. मजुरी म्हणून ठरलेल्या पायल्या तांदूळ मिळे, शिवाय कण्या आणि कोंडा तिचा. मुसळ उचलून उचलून तिचे खांदे गड्यासारखे रुंद झाले होते. गावात अशा चौदा-पंधरा बाया होत्या, पण लग्नाचा तांदूळ असला की बोलावणं कुंताबाईलाच. तिच्या हातचा दाणा तुटत नसे.

पुढच्याच वर्षी घनश्याम सेठनं आरमोरीला इंजिनावरची धानगिरणी टाकली. पहिल्या हंगामात लोक नवल पाहायला गेले, दुसऱ्या हंगामात बैलबंड्या भरून धान घेऊन गेले. कुंताबाईच्या दारी बोलावणं येईना. ती स्वतः घरोघरी विचारत फिरू लागली. एकदा पाटलाच्या सुनेनं तिला मशीनचा तांदूळ दाखवला, कसा पांढराशुभ्र आहे म्हणून.

"पांढरा तं चुनाबी असते," कुंताबाई म्हणाली आणि पायरी उतरली.

१९५६ च्या उन्हाळ्यात घनश्याम सेठ बैलांच्या रेंगीतून थेट शाळेपुढे उतरले. नागपूरहून नवी योजना कळली होती. हातसडीच्या तांदळात सत्त्व असतं आणि गरीब बायांना काम मिळतं, म्हणून सरकार हातसडीला उत्तेजन देणार होतं. बायांची सोसायटी असली तर धान कांडायच्या ढेक्या फुकट, विकलेल्या दर मणामागे अनुदान, आणि सरकारी दवाखाने, वसतिगृहं तोच तांदूळ विकत घेणार.

"पण सेठजी, तुमची तर मशीन आहे," मी म्हणालो.

"सरकारचा रस्ता कुठी चालला ते पाहून रेंगी जुपाव लागते, गुरुजी. तुमी बाया जमवा. कागद तुमी लिवा. सेक्रेटरी तुमीच."

महिन्याला थोडा भत्ता मिळणार होता. मी बाया जमवल्या. कुंताबाईचं नाव अध्यक्ष म्हणून घातलं, कारण तिच्या नावावर बाकीच्या आल्या असत्या. ती आधी हसली.

"मी अध्यक्ष? मले तं सही येत नाई."

"अंगठा चालते," सेठ म्हणाले.

गावाबाहेर टिनाचं छप्पर उभं राहिलं. त्यात पायानं दाबायच्या दोन लाकडी ढेक्या बसवल्या. उद्घाटनाला तहसीलचे साहेब आले. कुंताबाईनं लुगडं धुऊन नेसलं होतं. साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर ती टेकली, पण पाठ काही टेकली नाही. त्यानंतर दोन महिने त्या छपरात खरंच काम झालं. पहाटेपासून ढेक्यांचा आवाज शाळेपर्यंत यायचा. बायांच्या घरी पुन्हा कण्यांची आंबील शिजू लागली. माझ्या आयुष्यात मी केलेलं एक चांगलं काम म्हणून त्या दोन महिन्यांकडे बोट दाखवता येईल. पण ते दोनच महिने.

दिवाळीनंतर छपराला कुलूप लागलं. सेठकडून धान येईना. मात्र आरमोरीहून भरलेली पोती येत, त्यांवर सोसायटीचा शिक्का मारला जाई आणि ती पुढे रवाना होत. गिरणीत धान एकदाच, हलकंसं फिरवायचं, म्हणजे दाण्यावर लालसर साल राहते आणि तांदूळ हातसडीचा वाटतो. सेठनं हे मला लपवून सांगितलं नाही. चहा पिता पिता सांगितलं. मी रजिस्टरात लिहीत गेलो : इतक्या बायांनी इतके मण कांडले.

कुंताबाईनं एकदा पोत्याच्या शिवणीतून मूठभर तांदूळ काढला. हातावर पसरला.

"गुरुजी, हा आमचा नोहे. हा मशीनचा हाय. टोक पाहा, साऱ्या दाण्याचं तुटून हाय."

मी रजिस्टर मिटलं. ती बंडीवर बसून आरमोरीला गेली. काय झालं ते तिच्यासोबत गेलेल्या चंदाबाईनं सांगितलं. सेठ रागावले नाहीत. त्यांनी दोघींना गूळपाणी दिलं.

"तुमाले घरबसल्या कण्या पाठवतो नं मी? मंग काऊन तरास करून घेता?"

"आमाले कण्या नाई पायजे, काम पायजे," कुंताबाई म्हणाली.

"काम सरकारनं मांगतलं नाई. सरकारनं तांदूळ मांगतला."

तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येक बाईच्या घरी दोन पायल्या कण्या येत. कुंताबाईनं आपल्या कण्या परत पाठवल्या. बाकीच्या बायांनी ठेवून घेतल्या आणि तिलाच म्हणाल्या, तू गप राह्य, नाहीतर एवढंही जाईल. साहेब तपासणीला यायचे असले की आदल्या दिवशी निरोप येई. कुलूप निघे, बाया ढेकीवर उभ्या राहत. कुंताबाईही उभी राही. खाली मान घालून पाय मारी. बायांच्या पोटावर पाय देणं तिला जमलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

मधल्या काळात आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कागदांवरचे शिक्के बदलले, पोती तीच राहिली.

मग धानगिरण्यांचा नवा कायदा आला. आता नवी गिरणी टाकायची तर परवाना हवा, आणि त्या भागातला हातसडीचा धंदा बुडणार असेल तर परवाना मिळायचा नाही. सेठला आरमोरीत दुसरी, चौपट मोठी गिरणी टाकायची होती. त्यांनी अर्ज केला. अर्ज परत आला. आपल्या भागात हातसडीची सोसायटी उत्तम चालू आहे, असं त्यावर लिहिलं होतं. पुराव्याला माझ्याच अक्षरातले आकडे होते.

सेठनं तो कागद मला दाखवला आणि पोट धरून हसले. चार दिवसांनी पुन्हा आले तेव्हा हसत नव्हते.

"येत्या सोमवारी साहेब तपासणीले येऊन राह्यले. यंदा बायाईले निरोप देऊ नोका."

"आणि कुंताबाई काही बोलली तर?"

"बोलू द्या," सेठ म्हणाले.

मला तेव्हा सगळं कळलं नव्हतं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण त्या रविवारी कुंताबाई माझ्या ओसरीवर आली. साहेब येणार ही बातमी तिला कुठून तरी लागली होती.

"मी खरं सांगतो म्हंतो गुरुजी. अध्यक्ष हावो नं मी? साहेबाले कळलं तं तो धान पाठवंल. ढेक्या सुरू होतीन. सांगू का?"

"सांगा," मी म्हणालो.

सोमवारी साहेब आले. छपराला कुलूप, ढेकीवर कोळिष्टकं. कुंताबाई पुढे झाली आणि तिनं सगळं सांगितलं. पोती कुठून येतात, शिक्का कोण मारतं, एकदाच फिरवलेला दाणा कसा ओळखायचा. तिनं साहेबांच्या हातावर तांदूळ ठेवून टोकं दाखवली. साहेब चांगला माणूस असावा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तिला म्हणाला, "बाई, तुम्ही फार हिमतीचं काम केलंत."

त्या दिवशी ती सगळ्या मोहल्ल्यात फिरून बायांना सांगत होती, धान येणार, पंधरा दिवसांत येणार.

अहवाल आला तो असा : सोसायटी केवळ कागदावर आहे, या भागात हातसडीचा धंदा उरलेला नाही, सबब नव्या गिरणीला हरकत नसावी. सोसायटी मोडीत काढावी. खोट्या नोंदींची जबाबदारी अध्यक्ष व सेक्रेटरी यांच्यावर राहील. सेठचं नाव कुठेच नव्हतं. ते सोसायटीचे सभासद कधीच नव्हते.

मला जिल्ह्याच्या गावी, चांद्याला बोलावलं. सेठनं वकील दिला आणि वकिलानं जबाब तयारच ठेवला होता. नोंदी मी अध्यक्षांच्या सांगण्यावरून केल्या, असं त्यात लिहिलं होतं. माझी नोकरी सहा वर्षांची होती, घरात बायको आणि दोन मुली. मी सही केली.

कुंताबाईचे अंगठे सगळ्या पानांवर होते. तिला तुरुंग झाला नाही. तिचं नाव फक्त एका यादीत गेलं, की या व्यक्तीस कोणत्याही सहकारी संस्थेत घेऊ नये. मला वाटलं, यात काय मोठंसं? पण पुढच्या साली गावातल्या ढिवरांची मच्छीमार सोसायटी निघाली आणि तळ्याचा ठेका सोसायटीला मिळाला. यादी तपासताना सहकार खात्याच्या साहेबानं पोचूचं नाव खोडलं. घरचं माणूस दोषी म्हणून. ज्या तळ्यात त्याचा आजा जाळं टाकत होता, तिथं पोचू दुसऱ्याचं जाळं ओढायला मजुरीनं जाऊ लागला. ज्या बायांसाठी कुंताबाई दोन वर्षं गप्प राहिली, त्यांचेच नवरे त्या सोसायटीत होते. कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

नव्या गिरणीत कोंडा चाळायला बाया लागत होत्या. चंदाबाई गेली. कुंताबाई गेली नाही. गडचिरोलीच्या रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं ती गिट्टी फोडायला जाऊ लागली.

एकदा मी सायकलीवरून शाळेत निघालो असताना ती रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली. मी उतरलो. तिनं हातोडा थांबवला नाही.

"कुंताबाई, चांद्याच्या जबाबात मी तुमचं नाव सांगितलं," मी म्हणालो.

"मालूम हाय मले. चंदी बोलली."

"माझी नोकरी गेली असती."

तिनं एक दगड फोडला, तुकडे हातानं बाजूला सारले.

"राह्यली नं नोकरी?"

"राहिली."

"मंग जा. पोट्टे वाट पाहून राह्यले असतीन."