मंजुरीआधीचे सहा दिवस

मीरासाब शिकलगारने तीस वर्षं रिक्षांची इंजिनं खोलली आणि पुन्हा बसवली. शिरोली एमआयडीसीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. रिक्षा दारात येऊन उभी राहायच्या आत, नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगायचा. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस पंधरा दिवस पुण्यात राहून नवीन काम शिकून आला, आणि जुन्या रिक्षांना बॅटरी आणि मोटर बसवून देणारं अधिकृत केंद्र म्हणून शेडवर पाटी लागली. त्या दिवशी त्याच्या बायकोनं, बेगमनं, सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

सरकारची योजना ऐकायला सोपी होती. पेट्रोलचं इंजिन काढायचं, विजेवरची मोटर बसवायची. खर्च आधी आपण करायचा, कागद जोडायचे, दोन महिन्यांत पैसे खात्यावर परत. अट एकच कडक होती. आधी मंजुरीचं पत्र हातात पाहिजे, मग काम.

आकाराम चौगुले हा मीरासाबचा तालमीतला जोडीदार. राहायला कसबा बावड्यात, रिक्षा राजारामपुरीच्या स्टॉपवर. जूनच्या सुरुवातीला त्याच्या रिक्षाचं इंजिन बसलं ते बसलंच. योजनेचा अर्ज त्यानं केला होता, पण पत्र आलं नव्हतं.

"आठ दिवस लागतील म्हणत्यात," तो म्हणाला. "तवर काय घरात बसून माशा मारू?"

"आजच बसवून टाकू की. पत्र येतंयच. काम झाल्याच्या सर्टिफिकेटवर तारीख पुढची घालतो. कोण बघाय येतंय?"

"लफडं न्हाय न्हवं व्हायचं? पोरीच्या, तेजस्वीच्या नर्सिंगच्या फीचं पैसं हायती ह्ये. ऑगस्टात भरायचं हाय तिचं."

"त्याच्या आत मिळत्यात. मी सांगतोय न्हवं."

नऊ जूनला मोटर बसली. पंधराला पत्र आलं. मीरासाबने सर्टिफिकेटवर सोळा तारीख घातली आणि विसरून गेला.

ऑगस्ट सरला तरी पैसे आले नाहीत. तेजस्वीच्या प्रवेशाची मुदत गेली. पुढच्या वर्षी बघू म्हणत ती शिरोलीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सप्टेंबरात पत्र आलं. बॅटरी पहिल्यांदा चालू होते ती तारीख बनवणाऱ्या कंपनीकडे आपोआप नोंदली जात होती. ती होती नऊ जून. सर्टिफिकेटवर सोळा. 'कागदपत्रांत तफावत, फसवणुकीचा संशय, दावा नामंजूर.'

आकारामनं अपील केलं. सुनावणीला दोघंही गेले. साहेबांनी सर्टिफिकेट मीरासाबपुढे धरलं.

"हे तुम्हीच दिलंय ना? मग बॅटरी सात दिवस आधी चालू कशी झाली?"

खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण पाटी लागून वर्षही झालं नव्हतं, आणि केंद्र गेलं तर खायचं काय, एवढंच मीरासाबच्या डोक्यात आलं. तोंडातून शब्द निघून गेले. "मालकानं बॅटरी आधी नेलती साहेब. भाईर कुठं जोडून बघितली असंल. मला म्हाईत न्हाय."

आकारामनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. अपील फेटाळलं गेलं, वर आकारामचा रिक्षाचा परवाना का रद्द करू नये अशी नोटीस निघाली.

जिना उतरल्यावर आकाराम म्हणाला, "चल, सोडतो शिरोलीला." पेट्रोलची रिक्षा असती तर निदान इंजिनाचा आवाज तरी दोघांच्या मध्ये असता. पंचगंगेचा पूल आला, गेला. मीरासाब मागच्या सीटवर हात मांडीखाली घालून बसून राहिला.

त्यानंतर त्यानं राजारामपुरीकडे जाणं सोडलं. महिन्याभरानं कारखान्याच्या फाटकाशी तेजस्वीनं त्याला हाक मारली.

"चाचा, दुसऱ्या अपिलाला अजून आठवडा हाय. बाबा जायाचं न्हाय म्हणत्यात. तुमी सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकतील."

आकारामनं घरात एक अक्षर सांगितलं नव्हतं, हे मीरासाबला तिथं, शिफ्ट सुटलेल्या बायांच्या गर्दीत कळलं. तेजस्वीच्या हातांना खोक्यांच्या पट्ट्यांनी चिरा पडल्या होत्या. त्याला तिथं उभं राहवेना.

घरी जाऊन त्यानं बेगमला सगळं सांगितलं. ती म्हणाली की अर्ज तुम्हीच लिहा, तुमच्या हातानं. तीन दिवस लागले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो बावड्याला गेला आणि आकारामची सही घेतली. आकारामनं न वाचताच सही केली.

दुसऱ्या सुनावणीला एक मॅडम होत्या. मीरासाबने उभं राहून सांगितलं, घाई मी केली, तारीख मी खोटी घातली, मागल्या वेळी खोटं बोललो तेही मीच. ह्या माणसानं काही केलं नाही.

"तुमचं केंद्र जाईल, कल्पना आहे?"

"व्हय मॅडम."

त्यांनी कागद दोनदा वाचले. "यांच्यावरचा फसवणुकीचा ठपका मी काढते. परवान्याला धक्का लागणार नाही. पण काम मंजुरीच्या आधी झालं, हे आता पक्कं झालं. दावा मंजूर करता येत नाही. नियमात वाट असती तर दिली असती."

बाहेर आल्यावर आकाराम पहिल्यांदा त्या विषयावर बोलला.

"तवाच का न्हाय बोललास?"

"तवा बोललो असतो तरी पैसं मिळालं नसतंच की रं."

"पैशाचं कोण इचारतंय?" आकारामचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "चाळीस वरसं, मीरासाब. चाळीस वरसं वळखतोस मला. आणि साहेबापुढं माझ्याकडं बोट दावलंस!"

आकाराम रिक्षात बसला आणि एकटाच निघून गेला.

पंधरा दिवसांत केंद्र रद्द झालं. मीरासाबने शेड सोडली, हत्यारं विकली आणि ते पैसे तेजस्वीच्या फीसाठी म्हणून बावड्याला नेले. आकारामच्या बायकोनं, आक्कानं, चहा दिला. आतल्या खोलीतून आकाराम बाहेर आला नाही. निघताना तेजस्वीनं पाकीट परत हातात ठेवलं. "बाबा नको म्हणत्यात, चाचा. आणि माझं आता ऱ्हायलंच ते. पगार होतोय."

आता मीरासाब एका फाउंड्रीत मशिनदुरुस्तीचं काम करतो.

यंदा ईदला आक्का आणि तेजस्वी आल्या. आकाराम आला नाही. स्टॉपवर गर्दी हाय, आक्का म्हणाली. बेगमनं त्याच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा भरून दिला. ह्या दोन घरांत डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. आक्का त्यात गूळ घालायची, शेंगा घालायची, काही नसलं तर मूठभर साखर तरी.

तिसऱ्या दिवशी स्टॉपवरच्या दुसऱ्याच रिक्षावाल्यानं डबा आणून दिला. बेगमनं झाकण काढलं. डबा स्वच्छ घासलेला होता. तिनं तो मीरासाबला दिसू नये म्हणून पटकन फळीवर ठेवला, पण त्यानं बघितलं होतं.