आमचं स्पिटफायर आणि अण्णासाहेबांचं लायसन

शांत माणसाकडं किस्से नसतात. त्याचं झालं गेलं सगळं वाहून जातं. किस्से साठतात ते माझ्यासारख्या तापट माणसाकडं, कारण आम्ही काही विसरत नाही आणि कुणाला माफही करत नाही! आजही घरात विमानाचा विषय निघाला की बायको आधी माझ्या हातातला कप काढून घेते. "फोडाल," म्हणते.

त्या काळी मी सोलापुरात एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. इस्माईलचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, लग्नाकार्यात लाउडस्पीकरही तोच लावायचा. व्यंकटेश म्हणजे आमचा व्यंकू. त्याच्या घरी माग होते, चादरींचा धंदा होता. घरात तेलुगू, दारात मराठी. आमचं त्रिकूट शाळेपासूनचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्यानंतरची गोष्ट. माझा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता. त्यानं विलायतेहून माझ्यासाठी एक भलं मोठं खोकं आणलं. आत स्पिटफायर! दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान. अर्थात मॉडेल, पण बिस्किटाएवढ्या इंजिनावर खरोखर उडणारं, आणि जमिनीवर उभं राहून ट्रान्समीटरनं चालवायचं. तिघांनी त्या खोक्यावर हात ठेवून ठरवलं, आपण बांधायचं आणि आपणच उडवायचं. बास, एवढंच! एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोकांनी आम्हाला जो छळ लावला, त्याचे हे किस्से.

*

खोकं उघडलं तेव्हा अख्खी आळी जमली होती. सगळ्यांना वाटलं, आत विमान असणार. आत निघाल्या काड्या! बाल्सा नावाच्या पिसासारख्या हलक्या लाकडाच्या काड्या, फळ्या, आणि एक घडी घातलेला नकाशा.

शेजारचे काका म्हणाले, "मास्तर, फसवलं बघा तुम्हाला. विमान काढून घेऊन नुसतं पॅकिंग दिलंय."

मी कामाला लागलो. रात्रभर पंखाच्या फासळ्या कापल्या, वाळूकागदानं घासल्या, ओळीनं मांडून ठेवल्या आणि सकाळी शाळेत गेलो. माझ्या सासूबाई तेव्हा मुक्कामाला होत्या. दुपारी घरी आलो तर डाव्या पंखाच्या फासळ्या गायब!

"सासूबाई, इथल्या काड्या कुठं गेल्या?"

"त्या व्हय? बंबात घातल्या. जावईबापू, लई चांगलं पेटतंय हो ते लाकूड! एका काडीत बंब तापला बघा. अजून आणा की!"

माझं रक्त उकळलं. पण सासूच्या अंगावर ओरडायची सोय आपल्या धर्मात नाही. मी अंगणात जाऊन लाथ मारली ती नेमकी बंबालाच. पुढं आठ दिवस लंगडत होतो.

शेवटी व्यंकूनं तोड काढली. लग्नातलं बाशिंग ज्या भेंडाचं करतात ते भेंड बाल्साइतकंच हलकं. बाशिंगवाल्याकडून भेंड आणलं, त्याच्या फासळ्या केल्या. उजवा पंख विलायती आणि डावा बाशिंगाचा! बाशिंगवाल्यानं सांगितलं, "पंख ठीक हाय, पण मुंडावळ्या आमच्याकडूनच घ्या."

*

खोक्याच्या तळाशी निघालेला ट्रान्समीटर म्हणजे वायरलेस, आणि वायरलेसला लायसन पाहिजे. इस्माईलनं आधीच बजावलं होतं, "मास्तर, लायसन के बगैर बटन को हात लगाना नक्को. मेरा दुकान बंद होता." म्हणून आम्ही दोघं कचेरीत गेलो.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "वायरलेसवरून कुणाशी बोलणार?"

"विमानाशी."

"विमानात कोण असणार?"

"कुणी नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मग बोलणार कुणाशी?"

मी समजावलं. चित्र काढून समजावलं. साहेब म्हणाले, "विमान लढाऊ आहे म्हणता. लढणार कुणाशी?" मी म्हणालो, "आता या क्षणाला तुमच्याशी!" इस्माईलनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

अर्ज पडून राहिला. मग कुणीतरी सल्ला दिला, एकट्यादुकट्याला कोण विचारतंय? मंडळ काढा, मंडळाला वजनदार अध्यक्ष घ्या. सोलापुरात वजनदार अध्यक्ष म्हणजे अण्णासाहेब. तेलाचे मोठे व्यापारी. व्यायाममंडळ, भजनी मंडळ, गणेशमंडळ, सगळ्यांचे अध्यक्ष तेच. आमच्या इंजिनाच्या इंधनात एरंडेल घालावं लागायचंच, तेही त्यांच्याकडंच मिळायचं. एका दगडात दोन पक्षी म्हणून आम्ही गेलो, आणि तो दगड पुढं आमच्याच डोक्यात बसला!

अण्णासाहेबांनी कुणाला फोन केला कोण जाणे, महिन्याभरात लायसन आलं. आनंदानं उघडून बघतो तर लायसनवर नाव एकच, अण्णासाहेबांचं.

"अण्णासाहेब, आमची नावं?"

"अहो मास्तर, अध्यक्ष म्हणजे सगळे आलेच की त्यात!"

*

लायसन येईपर्यंत ट्रान्समीटर सुरू करायचा नव्हता, मग हात कसा बसणार? इस्माईलनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचा एक डमी केला. बाहेरून तोच करडा रंग, तशाच दोन दांड्या, तशीच लांब होणारी एरियल. खऱ्याशेजारी ठेवला तर ओळखू येऊ नये. फक्त तळाला रंग पुरला नाही, म्हणून डब्यावरचं गुलाबाचं फूल तसंच राहिलं होतं.

सरावाची पद्धत आमची आम्ही शोधली. आता जिथं जुळं सोलापूर झालंय तिथं तेव्हा उघडा माळ होता. व्यंकूनं फळीचं विमान डोक्यावर धरून पळायचं, इस्माईलनं डमीची दांडी हलवायची आणि मी ओरडायचं, "डावीकडं! नाक वर! अरे, वर म्हटलं की वर!" दांडी हलेल तसं व्यंकूनं फळी कलती करायची. उतरायचा सराव असला की तो मांडी घालून जमिनीवर टेकायचा.

चुका व्हायच्या त्या व्यंकूच्या. "अय्यो मास्तर, विमान दमलंय!" म्हणून मध्येच बसायचा. मी त्याच्यावर इतका खेकसायचो की माझा घसा बसायचा. इस्माईल मात्र शांत. बघता बघता त्याचा हात असा बसला की व्यंकूच्या पायातला काटासुद्धा तो दांडीवरून ओळखायचा.

त्या माळावर एक धनगर शेळ्यामेंढ्या चारायचा. काठीवर हनुवटी टेकून तो आठवडाभर आमच्याकडं बघत होता. शेवटी जवळ आला आणि मला म्हणाला, "मालक, राग नका मानू. पन तुमा तिगांत येडं नेमकं कोन हाय? घरी इचारत्यात."

*

सांगाड्यावर कापड चढवायची पाळी आली. नकाशात लिहिलं होतं, रेशमी कापड ताणून बसवा आणि वरून खास रोगण द्या. रोगणाचा विलायती डबा येताना वाटेत सांडून संपला होता. व्यंकू म्हणाला, "रोगण कशाला? खळ आहे की!"

खळ म्हणजे मागावर चढवायच्या आधी सुताला देतात ती कांजी. व्यंकूच्या घरी ती पिढ्यान्पिढ्या शिजत आलेली. चिंचोक्याचं पीठ, त्यात जोंधळ्याचं पीठ, आणि घरचं काहीतरी गुपित. मी नको म्हणालो. "आमच्या खळीला नाव ठेवतोस?" म्हणून तो दोन दिवस बोलला नाही. शेवटी त्याच्या आईनं स्वतः खळ लावून दिली. खरं सांगतो, कापड ढोलक्यासारखं ताणलं. टिचकी मारली की टणकन वाजायचं!

इंजिन तपासायला विमान माळावर नेलं. ऊन होतं म्हणून लिंबाखाली पाणी प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर विमानाभोवती शेळ्यांची पंगत बसलेली! अख्खं शेपूट खाऊन एक शेळी आता डाव्या पंखाला लागली होती. वरून पिठाची खळ, आत भेंड, तिला काय, सणच होता.

मी ओरडत धावलो. धनगरालाच धरला. "तुझ्या शेळीनं माझं विमान खाल्लं! बांधून ठेवता येत नाही?"

तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला, "शेळ्या रोजच्या हितं चरत्यात! तुमी तुमच्या इमानाला दावं लावा की!"

*

शेपूट नव्यानं केलं, वरून नीट रंग-रोगण चढवलं, आणि पहिल्या उड्डाणाचा दिवस आला. आम्ही गुपचूप जाणार होतो. पण अण्णासाहेबांना कळलंच. ते हार, नारळ, हळदकुंकू आणि गुरुजी घेऊन माळावर हजर!

नवी लॉरी घेतली की बंपरवर नारळ फोडतात ना, तसा ते नारळ विमानाच्या नाकावर फोडायला निघाले. मी मधे झेप घेतली. नारळ माझ्या कोपराला लागला. "मास्तर, श्रद्धेच्या आड येऊ नका," गुरुजी म्हणाले. मी गुरुजींना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी नारळ दगडावर फुटला. इस्माईलनं ट्रान्समीटर घेतला, मी इंजिन सुरू केलं, एरंडेलाचा धूर झाला, माझा शर्ट तेलानं भिजला आणि स्पिटफायर पळायला लागलं. सुटलं! उचललं!

आणि उचलतच गेलं. नाक आभाळाकडं. इस्माईल दांडी पुढं दाबतोय तरी नाक खाली येईना. क्षणभर विमान जागेवर लटकलं आणि डाव्या पंखावर धाडकन पडलं.

धावत गेलो. शेपटाला काळ्या दोऱ्यानं लिंबू आणि सात मिरच्या बांधलेल्या! विमानाचा तोल कसा, तर तराजूच्या काट्यासारखा. शेपटाला सुपारी बांधली तरी तो ढळतो, आणि इथं अख्खं टप्पोरं लिंबू! मी अण्णासाहेबांच्या तोंडासमोर ते धरलं. "हे कुणी बांधलं?"

"मीच बांधलं," ते म्हणाले. "आणि बघा, बांधलं होतं म्हणून थोडक्यात निभावलं!"

*

पुन्हा भेंड आणलं, पुन्हा पंख केला. बाशिंगवाला म्हणाला, "मास्तर, किती लग्नं लावताय?"

विमान तयार होतंय तोच गावात पोस्टरं लागली. "अण्णासाहेब स्वतः विमान उडवणार!" मुंबईहून कुणी बडे पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते समारंभ. मी पोस्टर भिंतीवरून ओरबाडून काढलं आणि तसाच पेढीवर गेलो.

"अण्णासाहेब, तुम्ही आयुष्यात दांडीला हात लावलाय का? विमान आम्ही बांधलंय, उडवणार इस्माईल!"

ते हिशेबातून मान वर न करता म्हणाले, "लायसन कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या. पण..."

"झालं तर. सरकारनं मला परवानगी दिलीय. दुसऱ्या कुणी हात लावला तर गुन्हा होतो, मास्तर. आणि हो, तो रेडिओचा डबा आजच घरी पाठवा. सराव करीन म्हणतो."

मला वाटलं, ट्रान्समीटर घेऊन होटगीपर्यंत चालत जावं आणि रुळावर ठेवावा. पण त्याआधीच इस्माईलनं डबा कापडात गुंडाळला आणि निमूट त्यांच्या गड्याच्या हातात दिला. मी त्याला वाट्टेल ते बोललो. भित्रा म्हणालो, लाचार म्हणालो. दोन वर्षांचं काम एका तेलवाल्याच्या हातात देऊन मोकळा झालास म्हणालो.

"मास्तर, गुस्सा थूको," तो म्हणाला. "माईक का काम मेरेकूच है उस दिन. मैं बैठतौं पीछे कनात में."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

*

समारंभाला माळावर मांडव, खुर्च्या, सनई. अण्णासाहेब फेटा बांधून उभे, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला डबा, एरियल लांबच लांब बाहेर काढलेली. मी लांब लिंबाखाली उभा होतो. बघायचं नव्हतं, पण घरीही बसवेना. शेजारी तो धनगर. शेळ्यांना त्या दिवशी त्यानं दावी लावली होती.

व्यंकूनं इंजिन सुरू केलं आणि विमान सोडलं. मी डोळे मिटले.

टाळ्यांनी उघडले. स्पिटफायर आभाळात होतं! तोलात, डौलात. मांडवावरून एक वळण, मग दुसरं. मग पोटावरून पाठीवर गिरकी! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. अण्णासाहेब दांड्या गदागदा हलवत होते, घामानं निथळत होते. त्यांनी दांडी डावीकडं दाबली, विमान उजवीकडं वळलं. त्यांनी पुढं दाबली, ते वर गेलं. "शाब्बास!" ते विमानाला म्हणाले.

पाहुण्यांना राहवेना. ते खुर्चीवरून उठून हार घेऊन पुढं आले. फोटोवालाही धावला. हार घालायला गळा मोकळा हवा म्हणून अण्णासाहेबांनी पट्टा काढला आणि डबा टेबलावर उपडा ठेवला. दोन्ही हात जोडून, मान वाकवून हार घेतला.

उपड्या डब्याच्या तळावर गुलाबाचं फूल होतं. मी लिंबाचं खोड घट्ट धरलं.

वर स्पिटफायरनं एक लांबलचक गोल लूप घेतला.

पाहुण्यांनी टेबलाकडं पाहिलं, वर पाहिलं, आणि विचारलं, "अहो अण्णासाहेब, मग आत्ता हे विमान कोण चालवतंय?"

अण्णासाहेबांनी डब्याकडं पाहिलं. गुलाबाकडं पाहिलं. मग आभाळाकडं. हार सारखा केला आणि ठणकावून सांगितलं,

"कुणी का चालवेना, साहेब! लायसन माझ्या नावावर आहे."