अक्काच्या हातात बंद पडलेला माईक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. पण हे लपलं. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात लाउडस्पीकर माझा एकट्याचा. त्या ऐंशीच्या दशकात डीजे हा शब्द आमच्याकडे पोचला नव्हता. मी नुसता माईकवाला भाऊ. लिंबाला बांधलेले दोन भोंगे, कॅसेटींची पेटी, आणि वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. लग्न भटजी लावतात असं तुम्हाला वाटतं ना? छे हो. भटजी मंत्र म्हणतात, लग्न माईकवाला लावतो. नवरदेव मारुतीच्या पारावर नाचात अडकला, त्याला हाका मारा. वरण-बट्टीत तूप कमी म्हणून व्याही फुगले — लावा मोठ्यानं गाणं, म्हणजे शेजारच्या पंगतीला भांडण ऐकू जात नाही. हरवलेलं पोर आईला मिळवून द्या. बठ्ठं, म्हणजे सगळं, मीच करायचो.

आणि माझी एक युक्ती होती. टेबलाखाली, गुडघ्याजवळ, मी एक बटण बसवलं होतं. ते दाबलं की माईक मुका. कुणी पुढारी आशीर्वाद द्यायला उठला आणि बोलता बोलता धरणाच्या पाण्यावर घसरला, की मी गुडघा दाबायचो. मग घाबऱ्या चेहऱ्यानं वायरी चाळवायच्या, 'मशीन तापलं, नाना, बसा जरा' म्हणायचं. नाना बसले की मशीन लगेच थंड. कुणाला कधी संशय आला नाही. लोक म्हणायचे, माईकवाला असावा तर असा, आणि मी फुगायचो.

शेजारच्या घरात अक्का राहायची. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला, ती भावाकडे परत आली, आणि भावाची आई नसलेली मुलगी तिनंच वाढवली. मला तिनं कितीदा जेवू घातलं असेल? ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर लोण्याचा गोळा. गावभर बोंबलतोस, खाताना तरी गप्प बस, असं आमच्या अहिराणीत दटावायची. फार गोड बाई. आठवलं तरी बरं वाटतं — आणि नाहीही वाटत.

त्या भाचीचं लग्न ठरलं देवपूरला. धुळे शहरातली शिकलेली माणसं. अक्का लाजत लाजत माझ्याकडे आली. भाचीसाठी तिनं स्वतः गाणं रचलं होतं, अहिराणीत. विधवेनं मांडवात पुढे यायचं नाही, ही रीत तिला ठाऊक होती. पण तिचा भाऊ म्हणाला होता, पोरीची आई तूच, तूच म्हण. मी म्हणालो, अक्का, माईक तुझाच समज.

लग्नात ती उभी राहिली. माईक दोन्ही हातांनी धरलेला. आवाज आधी कापरा, आणि मग — काय सांगू तुम्हाला, फार सुरेख. गाण्यात भाची ओच्यात चिंचोके भरून पळते आणि आत्या मागे धावते. मुंडावळ्यांआड नवरी रडतही होती, हसतही होती. तेवढ्यात देवपूरच्या पोरांनी तोंडाला रुमाल लावले. एकानं नाकात गाऊन नक्कल केली. भटजींनी घड्याळ पाहिलं. आणि मी गुडघा दाबला.

का? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो, मुहूर्त टळत होता. खोटं आहे. मुहूर्ताला वेळ होता; भटजी काय, नेहमीच घड्याळ बघतात. मला लाज वाटली. माझ्या भोंग्यातून 'उपस्थित मान्यवर' निघायचं, पुस्तकातलं मराठी निघायचं. शहरच्या माणसांसमोर त्यातून आमची घरची बोली बाहेर पडली आणि ते हसले — मला वाटलं, मलाच हसले. आईच्या बोलीची लाज वाटली मला.

अक्का थोडा वेळ तशीच गात राहिली. मग थांबली, माईकमध्ये फुंकर घातली. मी वायरी चाळवल्या. भटजींनी तिच्या हातातून माईक घेतला आणि मी बटण सोडलं. तिथे माझी अक्कल शेण खायला गेली होती. मंगलाष्टक गावभर घुमलं. तिच्या हातात बंद, भटजींच्या हातात चालू. वराकडची एक बाई बोललीच, "विधवेचा हात लागला. दुसरं काय होणार?"

हळूच बोलली, पण भटजींच्या माईकजवळ; मांडवभर ऐकू गेलं. अक्कानं आपले हात पाहिले — सुलटे, मग उलटे. पदरात गुंडाळले आणि मांडवामागे आचाऱ्यांकडे निघून गेली. 'बटण मी दाबलं', एवढंच मी बोलायला हवं होतं. लग्न लागलं, भटजींनी माईक माझ्याकडे दिला. मी पाहुण्यांना सांगितलं, पंगतीला बसून घ्यावं.

त्यानंतर तिनं कुणाच्या हळदीला हात लावला नाही. भाची बाळंतपणाला माहेरी आली, तर पाळण्याची दोरी दुसरीच्या हातात दिली. हे मला बायकोनं सांगितलं, हळहळत. मी नुसतं हं म्हटलं. आमच्या घरी लोणी येत राहिलं; पण वाटी ती दारात ठेवायची; माझ्या मशीन चालवणाऱ्या हाताला तिचा हात लागू नये म्हणून हातात द्यायची नाही.

पुढे माझ्या मुलीचं लग्न निघालं. हळदीचा पहिला हात अक्कानं लावावा, म्हणून मी बोलवायला गेलो. कबूल न करता फेड करायची, एवढीच माझी धाव. ती म्हणाली, "नको, भाऊ. मना हात लागना का बठ्ठं बिघडी जास. पोरनं लगीन शे."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. माझ्या पोरीची काळजी होती. घरात आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून बरी वेळ कोणती होती? आणि माझ्या मनात काय आलं, तेही सांगतो. न जाणो, खरंच काही वाईट झालं तर? हे मला वाटलं — ज्यानं ते बटण दाबलं होतं, त्याला. मी "बरं, अक्का" म्हणालो आणि घरी आलो.